तेरा चांदण्यांचा झेंडा

झुंबर भिकन पगारे खो-खोच्या टीमची कॅप्टन झाली त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. तेवढ्यात ती इतकं बोलली होती, इतकं बोलली होती, की नववीपर्यंत ही मुलगी शेवटच्या बाकावर तोंड मिटून बसायची हे शपथेवर सांगितलं तरी कोणी ऐकलं नसतं. नाव आजीचं ठेवलेलं. हजेरीला ‘झुंबर’ ऐकलं की आधी ती वहीत डोकं खुपसायची. आता मैदानावर कारभारी सरांनी शिट्टी मारून ‘झुंबर!’ अशी आरोळी ठोकली की तिला वाटायचं, बाई, काय दणदणीत नाव आहे आपलं!

त्यांच्या कॉलनीतली एकही मुलगी याआधी शाळेत कसलीच कॅप्टन झाली नव्हती. मॉनिटरसुद्धा नाही. त्यामुळे घरी, शेजारी, नळावर, सगळीकडे कौतुक चाललेलं. दादा म्हणजे तिचे वडील पाटबंधारे खात्यात क्लार्क. मोजूनमापून बोलणारा माणूस, पण तेही ऑफिसात सांगून आले होते.

आणि त्याच सुमाराला मामाचं पार्सल आलं.

कोंडाजीमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. राहुरीला शेतीचं शिकला, तिथेच नोकरीला लागला आणि स्कॉलरशिप मिळवून मातीचा अभ्यास करायला थेट अमेरिकेत गेला. ‘दक्षिणेकडे आहे,’ एवढंच घरात माहीत. झुंबरने भूगोलाच्या तासाला मोठ्या टेचात ‘माझा मामा दक्षिण अमेरिकेत असतो’ असं सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘म्हणजे ब्राझीलला का?’ तेव्हा नकाशा उघडून बघितला, तर ही दक्षिण म्हणजे अमेरिका नावाच्या देशातलीच दक्षिण होती. असो.

पार्सल कुणाबरोबर तरी मुंबईपर्यंत आलं आणि तिथून एस.टी.ने नाशिकला. आईला स्वेटर, दादांना पेन आणि झुंबरला एका काडीला लावलेला रुमालाएवढा झेंडा. लाल जमीन, तिच्यावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलेल्या दोन निळ्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर पांढऱ्या चांदण्या. झुंबरने त्या मोजल्या. तेरा.

सोबत पत्र होतं. मामाने लिहिलं होतं, ‘इथे दर शनिवारी कॉलेजची फुटबॉल मॅच असते. फुटबॉल म्हणतात खरं, पण चेंडू हातात घेऊन पळतात आणि तो अंड्यासारखा लांबट असतो. का, ते विचारू नकोस, मलाही कळलेलं नाही. सगळं गाव लोटतं. गेटवर प्रत्येकाच्या हातात हा झेंडा देतात आणि आपल्या टीमने बाजी मारली की हजारो झेंडे एकदम हलतात. मीसुद्धा हलवला! तुझ्या टीमसाठी एक पाठवतो. शकुनाचा दिसतो, आम्ही जिंकलो.’

आता योगायोग असा, की नुकतंच दिल्लीत एशियाड झालेलं. पेपरात रोज फोटो यायचे, प्रत्येक देशाची टीम, पुढे झेंडा. ते बघून जिल्ह्यातल्या शाळांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींना स्फुरण चढलं. जानेवारीत गंगापूर रोडच्या मैदानावर तीन दिवस स्पर्धा, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी संचलन, आणि प्रत्येक टीमच्या पुढे तिच्या कॅप्टनच्या हातात टीमचा स्वतःचा झेंडा! असं सर्क्युलरच निघालं.

‘आपला कसला झेंडा?’ सरांनी विचारलं.

कोणी म्हणालं मोर काढू, कोणी म्हणालं द्राक्षाचा घड. झुंबरने दप्तरातून काडीचा झेंडा काढला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली.

‘काय भारी आहे ग!’ सगुणा म्हणाली. सगुणा म्हणजे झुंबरची जिवाभावाची मैत्रीण, टीममधली दुसऱ्या नंबरची खेळाडू. ‘अमेरिकेचा?’

‘अमेरिकेतल्या टीमचा. फुटबॉलच्या.’

‘इम्पोर्टेड!’ फुला नावाची बुटकी पोरगी ओरडली. ठरलंच मग.

झुंबरला तो आवडला होता, त्याचं अजून एक कारण होतं, पण ते तिने मैदानावर सांगितलं नाही. त्यातला निळा रंग. तिच्या कॉलनीत निळा म्हणजे आपला. बुद्धविहारावर निळा, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा. सातासमुद्रापार कुठल्या तरी टीमने आपला रंग घेतलाय आणि वर चांदण्या लावल्यात, याचंच तिला अप्रूप. आईलाही तेच वाटलं. आई घरी मशीनवर ब्लाउज शिवायची. लाल कापड तिने मांडववाल्याकडून आणलं, चांदण्या दादांच्या जुन्या पांढऱ्या शर्टातून कापल्या आणि निळं कापड ट्रंकेतून काढलं. जयंतीच्या पताका शिवून उरलेलं होतं. इतर कशाला ते वापरायचं नाही म्हणून तिने घडी करून ठेवलं होतं.

‘याला चालंल,’ ती म्हणाली. ‘पोरगी पुढं धरून चालणार हाय.’

आणि चालली की झुंबर! पहिल्या दिवशी बेचाळीस शाळांच्या संचलनात तिचा झेंडा सगळ्यात मोठा, सगळ्यात लखलखीत. संचलनाचं पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. कारभारी सरांच्या मिशा दिवसभर खाली आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सेमीफायनल झाली. शेवटच्या डावात झुंबरने खांबाजवळ सूर मारून गडी टिपला आणि मॅच एका गुणाने खिशात घातली. तोवर पाचवीच्या पोरींनी रंगीत कागद चिकटवून छोटे छोटे झेंडेही केले होते. फायनलला हलवायला.

त्या संध्याकाळी ती उड्या मारत घरी आली, तर आई पायरीवरच उभी. हातात विमानाचं पाकीट.

‘मामाचं. तुझ्या नावानं हाय. वाच.’

झुंबरने डिसेंबरात आभाराचं पत्र पाठवलं होतं आणि त्यात ऐटीत लिहिलं होतं, ‘आम्ही त्याच झेंड्याचा मोठा करणार आहोत.’ हे त्याचं उत्तर होतं.

तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीपासून तिचा आवाज खाली खाली जाऊ लागला.

‘झुंबर, तुझं पत्र वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मी चूक केली. माझ्या प्रयोगशाळेत विलिस म्हणून काळा मुलगा आहे, आम्ही एकत्र डबा खातो. माझ्या टेबलावर तो झेंडा बघून तो म्हणाला, “तूसुद्धा?” मी म्हटलं, म्हणजे काय? मग त्याने सांगितलं. सव्वाशे वर्षांपूर्वी इकडे काळ्या माणसांना गुलाम करून ठेवायचे, बाजारात विकायचे. ते बंद होईल या भीतीने दक्षिणेची राज्यं फुटून निघाली, मोठी लढाई झाली. हा त्यांच्या सैन्याचा झेंडा. हरले, पण झेंडा ठेवला. पुढे कॉलेजात काळ्या मुलांना घेऊ नका म्हणून दंगा झाला, तेव्हाही हाच झेंडा हातात. आणि तोच फुटबॉलला.

‘यंदा इथे मॅचच्या वेळी लोकांना चेव आणणाऱ्या मुलांच्या पथकात पहिल्यांदाच एक काळा मुलगा निवडला गेला. पथकाची रीत अशी की झेंडा घेऊन मैदानात धावायचं. तो म्हणाला, बाकी सगळं करीन, हा झेंडा धरणार नाही. त्यावर इतका गदारोळ झाला की पुढच्या मॅचला लोकांनी दुप्पट झेंडे आणले. हलवणाऱ्यांना विचारावं तर म्हणतात, आम्ही तर फक्त खेळासाठी हलवतो, आजोबांची आठवण म्हणून. त्यातली काही माणसं मला घरी जेवायला बोलावतात, चांगली वागतात. आणि त्याच टीममध्ये काळी मुलं खेळतात, त्यांनी बाजी मारली की हाच झेंडा हलतो. मी विलिसला विचारलं, मग ती का खेळतात? तो म्हणाला, मलाच कळत नाही, माझा धाकटा भाऊ त्याच टीममध्ये जायचं म्हणून रोज पळतो.

‘झुंबर, मीही तो हलवला. आपण कोण आहोत ते माहीत असून हलवला. तू नको हलवूस. बाकी काय करायचं ते मला सुचत नाही.’

आई खाली बसली. 

‘म्हंजी जयंतीचं निळं,’ ती म्हणाली, ‘मी माझ्या हातानं त्यात शिवलं.’

‘अग, तुला काय माहीत होतं, मलाही काय माहीत होतं,’ दादा म्हणाले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला, परत घातला. ‘आणि हे बघ मालन, तिकडचं तिकडे. नाशिकमध्ये कोणाला काय कळतंय? उद्या फायनल. पोरगी कॅप्टन झालीय, ते बघ आधी.’

‘कळतंय कसं नाय? आता मला कळलं ना!’

‘एक दिवस, मालन. एकच दिवस.’

‘मग तुम्ही धरा!’

झुंबर दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. दादांचं ऐकलं की दादांचं बरोबर वाटायचं, आईचं ऐकलं की आईचं. 

सकाळी ती बसची वाट न बघता सगुणाकडे चालत गेली. सगुणा दारातच वेणी घालत होती. झुंबरने भराभरा सगळं सांगितलं. गुलाम, लढाई, अंड्यासारखा चेंडू, विलिस, डबा, सगळा काला झाला.

‘थांब, थांब,’ सगुणा म्हणाली. ‘लढाई फुटबॉलवरून झाली?’

‘नाही ग! लढाई आधी. फुटबॉल नंतर.’

‘मग फुटबॉलचा काय संबंध?’

‘तोच तर घोटाळा आहे!’

सगुणाने रिबीन दातात धरली, विचार केला, रिबीन काढली. ‘झुंबे, आपण काय कोणाला गुलाम करायला निघालोय? आपण खो-खोसाठी शिवलाय. कापडाला काय कळतं?’

‘तिकडचेही हेच म्हणतात. फक्त खेळासाठी.’

‘मग खरंच म्हणत असतील!’

 असतीलही. कोणी खरंच आजोबांची आठवण म्हणून हलवत असेल. पण त्या आठवणीत विलिसचे आजोबा कुठे होते?

‘तुला एवढं काय लागलं पण?’ सगुणाने विचारलं आणि ते तिने अगदी मनापासून विचारलं. झुंबर चपलेने माती उकरत राहिली. कारण ते सांगायचं तर सगुणाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत वेगळा ठेवलेला जो पेला होता, ज्यातून झुंबरला पाणी मिळायचं, तिथून सुरुवात करावी लागली असती. आणि सगुणा त्याच पेल्यातून उरलेलं पाणी मुद्दाम आईसमोर पिऊन टाकायची, हेही सांगावं लागलं असतं. दोन्ही खरं. मग त्याचं काय करायचं?

‘बघ बाई,’ सगुणा म्हणाली, ‘कॅप्टन झाल्यापासून तुझं काहीतरी नवीनच असतं.’

हे लागलं. दोघी मैदानापर्यंत चालत गेल्या, पण चार हात अंतर ठेवून.

कारभारी सर मैदानाच्या तोंडाशी उभे होते. गळ्यात शिट्टी, हातात काठीला लावलेला मोठा झेंडा. ‘ये, कॅप्टन! धर. आपला नंबर तिसरा.’

‘सर, मी खेळते. पण झेंडा नाही धरत.’

‘हात दुखतोय?’

‘नाही सर. तो झेंडा बरोबर नाहीये.’ आणि तिने पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी लढाई आधी, फुटबॉल नंतर.

सरांनी ऐकून घेतलं. झेंड्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. ‘हे तू महिन्यापूर्वी का नाही सांगितलंस?’

‘मला कालच कळलं.’

‘आणि मला आज कळलं. पाच मिनिटांत मी दुसरा झेंडा कुठून आणू?’ त्यांचा आवाज चढला, मग खाली आला. ‘झुंबर, तुला कॅप्टन करायला मी कितीजणांशी भांडलो, माहितीये तुला? स्टाफरूममध्ये म्हणाले, हिला जमणार नाही, ऐन वेळी माघार घेईल. मी छातीवर हात मारून सांगितलं, घेणार नाही. आता मी काय सांगू?’

 माघार? ही माघार होती का? धरला तर कोणाचं ऐकलं म्हणायचं, नाही धरला तर कोणाचं?

‘नियम असा आहे,’ सर म्हणाले, ‘झेंडा कॅप्टनने धरायचा. जो धरतो तो कॅप्टन. नीट विचार कर.’

माइकवरून पहिल्या शाळेचं नाव पुकारलं गेलं. बँड सुरू झाला.

‘नाही धरत, सर.’

तिला स्वतःलाच तो आवाज नवीन वाटला. मोठा नव्हता, पण फाटलाही नाही. सरांनी क्षणभर वाट बघितली, खिशातून कागद काढला, पेनने एक नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं.

‘सगुणा, धर.’

सगुणाने झुंबरकडे बघितलं. झुंबरने खाली बघितलं. सगुणाने झेंडा धरला. धरणारच, कोणीतरी धरायलाच हवा होता. टीम निघाली. पुढे सगुणा, सगळ्यात मागे झुंबर.  कडेला पाचवीच्या पोरी कागदी झेंडे हलवत तिच्याच नावाने ओरडत होत्या, ‘झुंबरताई! झुंबरताई!’ तिला त्या पोरींचा राग यावा, तर तोही येईना. लोकांत आई बसलेली दिसली. आईने हात वर केला नाही, पण नजर हलवली नाही.

मॅच मात्र मॅच होती. शिट्टी झाली आणि डोक्यातलं सगळं धुरळ्यात गेलं. पहिल्या डावात समोरच्या टीमच्या तिघी एकीमागून एक तिच्या मागे लागल्या. ती साखळीत धावत अशी वळत गेली की चार मिनिटं कोणाच्या हाताला लागली नाही. दुसऱ्यात पाठलाग करताना सगुणाने तिच्या पाठीवर थाप मारून ‘खो!’ दिला, अशी काही थाप की सकाळचं सगळं भांडण तिच्यात होतं, आणि झुंबर बाणासारखी सुटली. शेवटची दोन मिनिटं, जिंकायला अजून तीन गडी टिपायला हवेत. एक, दोन, आणि तिसरी खांबाला वळसा घालायला गेली तिथे झुंबरने अंग झोकून दिलं. गुडघे सोलवटले. पण गडी बाद!

एका गुणाने कप त्यांचा.

पोरी एकमेकींवर पडल्या. मागून कोणीतरी मोठा झेंडा गरागरा फिरवला आणि सगळं मैदान ओरडलं. झुंबर ढिगाच्या खाली होती. हसत होती आणि त्याच वेळी तिला वर फडफडणारी ती लाल कड दिसत होती. तिला मामाच्या पत्रातली, त्या टीममध्ये खेळणारी काळी मुलं आठवली. बाजी मारल्यावर तीही अशीच हसत असतील का? की अर्धंच?

‘विजयी संघाच्या कॅप्टनने पुढे यावं,’ माइक म्हणाला.

सगुणा जागची हलली नाही. ‘जा.’

‘कागदावर तुझं नाव आहे.’

‘मला कागद सांगू नकोस. जा म्हटलं ना, झुंबे.’ आणि तिने तिला ढकललंच. झुंबरने सरांकडे बघितलं. सर शिट्टीची दोरी सोडवण्यात फार गुंतले होते. ती दोरी अडकलेली नव्हती.

प्रमुख पाहुणे होते वाळू जाधव नावाचे साखर कारखान्याचे संचालक. पांढरी टोपी, गोड आवाज. ‘शाब्बास, पोरी! आणि तुमचा तो झेंडा काय सुरेख होता. पहिल्या दिवशीच बघितला मी. कुठला म्हणायचा?’ त्यांनी माइक कौतुकाने तिच्या तोंडाशी धरला.

 झुंबरच्या गुडघ्यातून रक्त ओघळत होतं.

‘माझ्या मामाने पाठवला,’ ती म्हणाली. तिचाच आवाज कर्ण्यातून लांबून परत आला. ‘चुकून. म्हणजे त्याला माहीत नव्हतं, आणि आम्हालाही. तो लोकांना गुलाम ठेवणाऱ्यांचा आहे. तिकडे अजून खेळात हलवतात. एका मुलाने नाही धरला. मला पण सगळं नीट कळलेलं नाही, साहेब. पण आमच्या आईने त्यात चांगलं कापड लावलंय.’

पाहुण्यांनी मान डोलावली. न कळलेल्या गोष्टीवर मोठी माणसं डोलावतात तशी. ‘छान, छान. मामाला नमस्कार सांग,’ ते म्हणाले आणि तिच्या हातात कप दिला. टाळ्या पडल्या. कशासाठी पडल्या, कपासाठी की बोलण्यासाठी, देव जाणे. पाचवीतल्या काही पोरींनी कागदी झेंडे खाली घेतले, काहींनी अजून जोरात हलवले, आणि एक पोरगी आपल्या झेंड्याकडे बघत नुसतीच उभी राहिली.

झुंबर कप घेऊन खाली उतरली. सांगितलं की नाही सांगितलं? माघार झाली की नाही? तिला काहीच कळेना. फक्त गुडघा झणझणत होता.

सगुणा कडेला उभी होती. तिने झेंडा काठीवरून काढून गुंडाळला होता आणि बगलेत धरला होता. 

‘याचं काय करायचं?’ सगुणाने विचारलं.

‘मला काय माहीत!’

‘फेकू?’

‘नको. आईचं निळं आहे त्यात.’

‘मग शाळेत ठेवू? कपाटात?’

‘नको.’

‘अग मग काय करू मी, खाऊ?’

झुंबरला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. तिने हात पुढे केला.

‘दे इकडे. कप तू धर.’